ज्याच्यावाचून अडत नाही

रावेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून वर्षातून दोन-तीनदा केळ्यांचा घड येतो. सुरत-भुसावळ गाडीने कोणीतरी ओळखीचा माणूस तो घेऊन उतरतो, आम्ही तो गॅलरीत टांगतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुठून येतात कोण जाणे, चिलटे हजर होतात. माझी आत्या त्या घडाखाली बसून ज्वारी निवडायची. एकदा तिने सुपाने चिलटे हाकता हाकता मला विचारले, "काय रे, डास चावतो, मुंगी साखर नेते, माशी घाण करते. या चिलटाचं काम काय? देवानं हे कशाला केलं असेल?"

मी त्या वेळी इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होतो. असा प्रश्न मला विचारायला नको होता. मी तिला ऐटीत सांगितले, की आत्या, या चिलटावर माणसांनी नोबेल पारितोषिके मिळवली आहेत. १९३३ साली मॉर्गनने, १९४६ साली मुलरने, १९९५ साली तर एकदम तिघांनी. आत्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "पण चिलटाला काय मिळालं?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. पण ज्याचे काम दिसत नाही, ज्याच्यावाचून कोणाचे काही अडत नाही, त्याने असावे की नाही, हा प्रश्न मला पुढे फार छळत राहिला. आणि गंमत अशी, की त्याच्याविषयी थोडेफार जे कळले, ते याच चिलटांकडून आणि याच आत्याकडून.

आधी एक खुलासा. वलसाडकडच्या आंबेवाल्यांना जी फळमाशी रडवते, ती ही नव्हे. ती मोठी, पिवळसर पट्ट्यांची, पिकल्या-न पिकल्या फळाला भोक पाडणारी. आपले चिलट जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचे, लाल डोळ्यांचे, आंबूस वासावर येणारे. शास्त्रात त्याला ड्रोसोफिला म्हणतात. प्रयोगशाळेत आम्ही ती दुधाच्या बाटल्यांत पाळत असू. मक्याचे पीठ, गूळ, आगार आणि यीस्ट यांची लापशी करून बाटलीच्या तळाशी ओतायची, तोंडाला कापसाचा बोळा, की दहा-बारा दिवसांत अंड्यापासून माशी तयार. पंचवीस अंश तापमान असले म्हणजे सगळे सुरळीत. सुरतेच्या उन्हाळ्यात मात्र पंचाईत व्हायची. तीस अंशांच्या आसपास नर वांझ होतात. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आमच्या बाटल्या माठाच्या शेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या असत. विद्यार्थी हसत. हे पंचवीस अंशांचे प्रकरण लक्षात असू द्या; पुढे त्याचे काम आहे.

जनुकांची पोथी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना तिची नक्कल होते, आणि नक्कल करणारा कितीही सावध असला तरी कधीमधी एखादे पान दोनदा लिहितो. चिलटात 'बार' नावाचा एक विकार असतो; त्यात डोळा अरुंद पट्टीसारखा होतो. १९३६ साली कॅल्व्हिन ब्रिजेस या मॉर्गनच्या शिष्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले, की या माश्यांच्या गुणसूत्राचा एक तुकडा चक्क दोनदा आलेला आहे. म्हणजे एकाच कामाला दोन जनुके. आता दुसऱ्याने करायचे काय?

१९७० साली सुसुमु ओनो या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञाने याच प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: एक प्रत जुने काम चालू ठेवते, त्यामुळे दुसरी मोकळी होते. तिच्यात चुका साठत जातात, कारण त्या चुकांनी कोणाचे बिघडत नाही. बहुतेक वेळा ती अशीच झिजून मुकी होते. क्वचित एखादीला त्या चुकांतूनच नवे काम सापडते. एक भाऊ शेतीवर राहिला म्हणून दुसऱ्याला मुंबई गाठता आली, अशातला प्रकार. त्यातला एखादा नाव काढतो, बाकीचे कुठे गेले ते गावाला कळतही नाही.

पण हिशेब जमेना. ओनोच्या म्हणण्याप्रमाणे जोडप्रती इतक्या टिकायला नको होत्या. प्रत्यक्षात त्या पुष्कळ टिकलेल्या दिसतात. १९९९ साली काही अमेरिकन शास्त्रज्ञांनी तिसरी वाट दाखवली, आणि ती मला पहिल्या वाचनातच ओळखीची वाटली. मूळ जनुकाची समजा दोन कामे होती, एक पोटाकडचे आणि एक डोक्याकडचे. प्रत निघाल्यावर एका प्रतीतून पोटाचे काम गळाले, दुसरीतून डोक्याचे. दोन्ही अपंग झाल्या. पण आता कोणालाच काढता येत नाही. कोणी पराक्रम केला नाही, कोणाला नवी विद्या आली नाही. दोघांनी फक्त थोडे थोडे गमावले, आणि त्या गमावण्यामुळेच दोघेही अपरिहार्य झाले. वाटणी झालेल्या कोणत्याही घरात हे पाहायला मिळते.

याचा एक सुंदर पुरावा चिलटात आहे. 'पेअर्ड', 'गूजबेरी' आणि 'गूजबेरी-न्यूरो' अशी एकाच कुळातली तीन जनुके. पहिले बिघडले तर अळीच्या शरीराचे खंड एकाआड एक गळतात. दुसरे बिघडले तर प्रत्येक खंडात खोट येते. तिसऱ्याचे काम मज्जासंस्थेत. तिघांचे संसार वेगळे. झुरिचच्या मार्कुस नोल आणि त्याच्या सहकाऱ्याने १९९४ साली एक खोडसाळ प्रयोग केला. पहिल्याच्या आज्ञेच्या पट्टीला, म्हणजे कुठे आणि केव्हा कामाला लागायचे हे ठरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा मजकूर जोडला. अळीचे खंड नीट तयार झाले! म्हणजे तिघांच्या अंगात ते काम करण्याची ताकद होतीच. फरक अंगच्या गुणाचा नव्हता. कोणाला कुठे आणि केव्हा हाक येते, याचा होता.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. दादा गावी राहिला, मी १९७८ साली सुरतेत आलो. आमच्या नात्यात सगळे म्हणत, थोरल्याला शेतीची आवड, धाकट्याला पुस्तकांची. मीही तसेच समजत होतो. वास्तविक दादा चौथीच्या परीक्षेत माझ्यापेक्षा वरच्या नंबराने पास झाला होता. वडिलांना एका वर्षी पाठीच्या दुखण्याने अंथरूण धरावे लागले, तेव्हा शेताकडून हाक आली ती त्याला. मी लहान होतो म्हणून मला आली नाही. त्या एका हाकेचे पुढे स्वभावात रूपांतर झाले, आणि स्वभावाचे समर्थनात. 'तुला नाही हो शेतीतलं कळायचं,' असे तो म्हणायचा, आणि मला ते सोयीचे वाटायचे.

आता आत्याकडे येतो. ती वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत वैधव्य आले आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. आम्हा दोघा भावांना तिने वाढवले असे म्हणायला हरकत नाही, पण आई होती, त्यामुळे तसे कोणी म्हणत नसे. आई वारली, १९९८ साली वडील गेले, आणि वाटणी झाली. भांडण वगैरे काही नाही. पंच बोलवावे लागले नाहीत. शेत दादाकडे, गावातल्या जुन्या घराचे पैसे माझ्याकडे. आत्याचे ठरले ते असे: दिवाळीपासून आखाजीपर्यंत सुरतेला, आखाजीपासून दिवाळीपर्यंत गावी. सहा-सहा महिने. आम्हाला हा तोडगा न्यायाचा वाटला होता. तिला विचारले होते का, हे आज आठवत नाही.

सुरतेत तिच्यासाठी कामच नव्हते. स्वयंपाक बायको करी, कपड्यांना यंत्र होते, भांड्यांना बाई येत असे. आत्या जे करी ते सगळे दुसरे कोणीतरी करतच होते. ती गेली तर घरात एक खाट मोकळी होईल, याखेरीज काही फरक पडण्यासारखा नव्हता. गुजराती तिला मोडके-तोडके येई. अडाजणच्या आमच्या इमारतीतल्या बायका तिला 'फोईबा' म्हणत, आणि जिन्यात बसून ती त्यांच्याशी अर्ध्या अहिराणीत, अर्ध्या गुजरातीत तासन् तास बोले. मला वाटे, यांना एकमेकींचे काय कळते कोण जाणे.

चिलटात अशीच एक जोडी आहे. 'एनग्रेल्ड' आणि 'इन्व्हेक्टेड'. नावे इंग्रजांच्या ढालींवरच्या नक्षीतून घेतली आहेत. एकीच्या कडेला जिथे खोलगट कमानी, तिथे दुसरीच्या कडेला फुगीर. दोघी गुणसूत्रावर शेजारी-शेजारी, आज्ञेच्या पट्ट्याही दोघींत सामाईक, कामाची जागा तीच: शरीराच्या प्रत्येक खंडाची मागची बाजू. एनग्रेल्ड काढून टाकले तर अळी अंड्यातच मरते. आणि इन्व्हेक्टेड काढून टाकले तर? काही नाही. माशी जगते, उडते, अंडी घालते. शास्त्रीय भाषेत सांगायचे तर ते जनुक 'अनावश्यक' ठरते. मी वर्गात हेच वाक्य वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो.

पण मग ते आहे कशाला? चिलट हा काही साठवून ठेवणारा प्राणी नव्हे. माणसाच्या पोथीत निरुपयोगी पाने ढिगाने पडून आहेत. आपण माळ्यावर सगळे टाकून ठेवणाऱ्या जातीचे. चिलटाचे तसे नाही. नको असलेला डीएनए ते झपाट्याने गाळून टाकते, हे १९९६ च्या सुमारास दिमित्री पेत्रोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. अशा टापटिपीच्या घरात ही 'अनावश्यक' बाई टिकली कशी? आणि केवळ इथेच नाही. आपल्या सुरतेच्या जरीकाठाला ज्याचा धागा लागतो, त्या रेशमाच्या किड्यातही ही जोडी आहे. किडा आणि चिलट यांचे पूर्वज वेगळे होऊन कोट्यवधी वर्षे लोटली.

उत्तराचा एक धागा मला 'अनावश्यक' या शब्दातच सापडतो. कुठे अनावश्यक? प्रयोगशाळेत. म्हणजे पंचवीस अंश तापमान, तोंडासमोर लापशी, कोळी नाही, पाऊस नाही, वारा नाही. २०१० साली याच्याशी मिळताजुळता एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तो जोडजनुकांचा नव्हे, जोड-आज्ञांचा होता. पण मुद्दा तोच. चिलटाच्या अळीच्या अंगावर बारीक केस येतात ते एका जनुकामुळे, आणि त्या जनुकाला आज्ञा देणाऱ्या पट्ट्या गरजेपेक्षा जास्त दिसतात. दूरच्या काही पट्ट्या कापून टाकल्या तरी नेहमीच्या तापमानात केसांना फारसा धक्का लागत नाही. तीच अळी फार थंडीत किंवा फार उष्म्यात वाढवली, की केस जागोजाग गायब. त्या जास्तीच्या पट्ट्या वाईट दिवसांत काम करीत होत्या. आपण मोजायला जात होतो ते फक्त चांगल्या दिवसांत.

इन्व्हेक्टेडचे रहस्य हेच आहे, असे मी म्हणत नाही. पण फळ्यावरचे ते वाक्य त्यानंतर मी 'प्रयोगशाळेत अनावश्यक' असे लिहू लागलो.

आता २००६ साल. आखाजी होऊन गेली तरी दादाने आत्याला नेले नाही. घराचे पत्रे काढून धाबे घालायचे काम निघाले होते. दिवाळीपर्यंत राहू दे, असा निरोप आला. माझ्या मुलीचे बारावीचे वर्ष होते. दोन खोल्यांच्या घरात खाट, अभ्यास, आत्याचा रात्रीचा खोकला. फोनवर हे बोलता येईना, म्हणून जुलैत मी दादाला अंतर्देशीय पत्र लिहिले. त्यात एक वाक्य होते: 'इथे तिच्यावाचून काही अडत नाही, तिकडे निदान शेताकडे लक्ष राहील.' पत्र टेबलावर राहिले. संध्याकाळी आत्याने ते माझ्या हातात दिले. "टाकायचं राहिलं तुझं," म्हणाली. ते चिकटवलेले होते की नव्हते, हे मला आजतागायत आठवत नाही. आत्या चौथी शिकलेली होती. तिला वाचता येत असे.

ऑगस्टच्या ७ तारखेला तापीचे पाणी शहरात शिरू लागले. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. अडाजणात तळमजले बुडाले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खालची कुटुंबे वर आली. वीज गेली, नळ बंद, चौथ्या दिवशी सिलिंडर संपला. आम्ही सगळी शिकलेली माणसे, एक प्राध्यापक, एक बँकवाला, दोन हिरे-कारखान्यातली, आणि काय करावे कोणाला सुचेना. आत्याने माळ्यावरून वातीचा स्टो काढायला लावला. रॉकेल कोणाकडे आहे हे तिला ठाऊक होते. जिन्यातल्या त्या गप्पांत तिला इमारतीतल्या प्रत्येक घरातले डबे पाठ झाले होते. गच्चीवर धोतरे बांधून पावसाचे पाणी धरले, त्यात तुरटी फिरवली, गाळले, उकळले. गव्हाचे पीठ संपल्यावर गावाकडच्या ज्वारीच्या भाकरी. ओडिशाची दोन तान्ही बाळे होती, त्यांना पेज. ९ तारखेला राखीपौर्णिमा होती. कोणाचाच भाऊ येऊ शकत नव्हता. आत्याने आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाचे दोरे काढले आणि जिन्यातल्या सगळ्या पोरांना बांधले, हिंदू-मुसलमान न बघता. मला बांधायला आली तेव्हा मी म्हणालो, "अगं, मी भाचा आहे." ती म्हणाली, "असू दे. बाप नाही ना तुझा आता."

इथवर सांगितले की ऐकणारे म्हणतात, बघा, म्हातारी माणसे घरात असावीत, कधी उपयोगाला येतील सांगता येत नाही. मीही काही वर्षे हेच म्हणत होतो. चिलटाचा दाखला देऊन व्याख्यानातही म्हणालो आहे. पण यात एक लबाडी आहे, आणि ती आत्यानेच पकडली. पाणी ओसरल्यावर इमारतीतल्या लोकांनी तिला साडी दिली. कौतुक चालले होते. रात्री ती मला म्हणाली, "पूर आला म्हणून मी कामाची. आला नसता तर?"

आला नसता तर ती दिवाळीला गावी गेली असती, आणि माझे ते वाक्य खरे ठरले असते. वाक्य खोटे पाडायला तापीला यावे लागले, हाच माझा गुन्हा. ज्या माणसाचे मोल संकट आल्यावाचून आपल्याला कळत नाही, त्याचे मोल आपल्याला संकटानंतरही कळलेले नसते. कळलेला असतो तो फक्त त्याचा उपयोग. आपले सुरत व्यापाऱ्यांचे शहर, विम्याचे हप्ते आपण नेमाने भरतो. आत्याला मी विम्याच्या पॉलिसीसारखे सांभाळावे, एवढेच जर चिलटाने मला शिकवले असेल, तर ते न शिकलेलेच बरे.

आणि खरे तर चिलट तेवढेही शिकवत नाही. निसर्गाला पुढचे दिसत नाही. उद्या पूर येईल म्हणून कोणते जनुक त्याने राखून ठेवले, असे कधी होत नाही. पूर वरचेवर येत असतील, तर ज्यांच्याकडे ते जनुक नव्हते ते बुडाले आणि ज्यांच्याकडे होते ते राहिले, एवढाच त्याचा हिशेब. पूर यायचे थांबले, की तेच जनुक पिढ्यान्पिढ्या झिजते आणि जाते. त्यात कृतज्ञता नाही, निष्ठुरताही नाही. निसर्गात असे आहे म्हणून आपणही असे वागावे, हे म्हणणाऱ्यांपासून मी दूर राहतो. मग ते स्पर्धेचा गोडवा गात असोत की सहकाराचा. जनुकाला कोणी अंतर्देशीय पत्र लिहीत नाही.

आपल्या रक्तातले उदाहरण घ्या. हिमोग्लोबिनची जनुकेही अशीच एका कुळातली, एकमेकांच्या प्रतींतून निघालेली. आईच्या पोटात असताना 'गॅमा' नावाचे जनुक राबते. त्याच्यामुळे गर्भाला आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेता येतो. जन्मल्यावर सुमारे सहा महिन्यांत ते मागे सरते आणि 'बीटा' काम हाती घेते. गॅमा मरत नाही, निवृत्त होते. आता आपल्या दक्षिण गुजरातेत, तापी, डांग, वलसाड या पट्ट्यात, आणि पलीकडे नंदुरबार-धुळ्यात, गामित, वसावा, कोकणा, भिल्ल, पावरा या समाजांत बीटा जनुकातल्या एका अक्षराच्या चुकीने सिकलसेल हा आजार आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, हाडे ठणकतात. ज्यांच्या अंगात गॅमा मोठेपणीही थोडे जागे राहते, त्यांना त्रास कमी होतो; आणि आपल्याकडच्या रुग्णांत ते तसे बऱ्याचदा असते. धाकट्याला जमेना म्हणून थोरल्याने पुन्हा नांगर धरावा, तसे.

पण ही निसर्गाची माया नव्हे, योगायोग आहे. माया तिथून पुढे सुरू होते. हायड्रॉक्सियुरिया नावाची एक स्वस्त गोळी गॅमाला जागे करते. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत एका उपचाराला परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्याच मूळपेशी काढून, गॅमाला गप्प बसवणाऱ्या यंत्रणेची कळ कातरून, पेशी परत अंगात सोडतात. निवृत्ताला सन्मानाने परत बोलावतात. हे निसर्गाने केले नाही. एका मुलाचे दुखणे दुसऱ्या कोणाला बघवले नाही, म्हणून झाले. अमेरिकेत त्या उपचाराची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. व्याऱ्याच्या गामिताच्या पोराला गोळी वेळेवर मिळाली तरी पुष्कळ, अशी स्थिती. गुजरातेत २००६ पासून सिकलसेलची मोहीम आहे, देशपातळीवर १ जुलै २०२३ ला सुरू झाली. तपासण्या होतात, कार्डे मिळतात. कोणाला हाक घालायची आणि कोणाला नाही, हे इथे पुन्हा माणसांनी ठरवायचे असते. जनुकांकडे बोट दाखवून ते टळत नाही.

जाता जाता, या अंकाच्या वाचकांच्या घरातली एक गोष्ट. आपण दोन भाषांत राहणारे लोक. १८४४ साली सुरतेत मानवधर्म सभा निघाली, तेव्हा दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने तिच्यात दादोबा पांडुरंग होते, ज्यांनी मराठीचे व्याकरण रचले ते. म्हणजे मराठी इथे पाहुणी नाही. पण घरात दोन भाषा आल्या, की त्यांचे जोडजनुकांसारखे होते. सुरुवातीला दोघींना सगळे येते. मग बाजार गुजरातीकडे जातो, कचेरी इंग्रजीकडे, पोरांचे खेळ हिंदीकडे. मराठीकडे देवघर, भांडण आणि झोपताना मुलाला थोपटणे. ही वाटणी झाली तोवर काळजी नाही. दोघी अपरिहार्य राहतात. काळजी पुढे असते. देवघरात ध्वनिफीत लागते, भांडणही गुजरातीत होऊ लागते. एक दिवस लक्षात येते, की मराठीवाचून काही अडत नाही. महापालिकेच्या मराठी शाळांविषयी बोलताना लिंबायत-उधन्यातले आमचे खानदेशी बांधव 'मराठीचा उपयोग काय' या प्रश्नाला 'उपयोग आहे' असे उत्तर देऊ पाहतात: रेल्वेत, सरकारी परीक्षेत, गावाकडच्या सातबाऱ्यात. तो उपयोग खराही आहे. पण मला त्या उत्तराने आत्याचा आवाज ऐकू येतो. पूर आला नसता तर?

याचे उत्तर माझ्याकडे तयार नाही. एवढे जाणवते, की 'तू कशाला आहेस' हा प्रश्न ज्याला विचारला जातो, त्याने तो ऐकलेला असतो. जनुकाला ऐकू येत नाही, भाषेलाही येत नसेल, माणसाला येते.

आत्या २०११ साली गेली, माझ्याकडे असतानाच. २००६ च्या त्या दिवाळीनंतर मी तिला पुन्हा गावी पाठवले नाही. दादाने दोनदा विचारले, मी काही कारण सांगितले. उपकाराची फेड म्हणून तसे केले की शरमेपोटी, ते मला वेगळे करून सांगता येत नाही. ते पत्र मात्र मी टाकलेच नाही. पुराच्या पाण्याने ज्या कागदांचा लगदा झाला त्यांत ते होते, असे मी समजतो. तिने ते वाचले होते का, हे विचारायला पाच वर्षे होती.

यंदाच्या साफसफाईत तो वातीचा स्टो पुन्हा माळ्यावरून खाली आला. बायको दर वर्षी म्हणते, भंगारवाल्याला द्या. मुलीचा मुलगा आला होता. सात वर्षांचा, वडील गुजराती, घरात बोलणे बहुतेक गुजरातीच. त्याने विचारले, "नाना, आ शुं छे?" मी त्याला मराठीत सांगितले. वाती कशा वर घ्यायच्या, खालच्या टाकीत रॉकेल कसे असायचे, काजळी कशी पुसायची. त्याने निमूट ऐकून घेतले. मग बाहेर जाऊन त्याने आपल्या वडिलांना ते सगळे गुजरातीत समजावून सांगितले. फक्त 'वात' हा शब्द त्याने तसाच ठेवला, आणि गुजरातीत वात म्हणजे गोष्ट असल्यामुळे जावईबापूंना काही केल्या कळेना, की त्या डब्यात गोष्टी कशा पेटवतात.